वाट बघत असतील

पाच वाजून दहा मिनिटांनी कुरुंदवाडे बाईंनी चष्मा डबीत ठेवला, डबी पिशवीत ठेवली, पिशवी खांद्याला अडकवली आणि त्या म्हणाल्या, "निघते. वाट बघत असतील."

"बाई, चहा येतोय. पाच मिनिटं थांबा," नाना हसबनीस म्हणाले.

"नको. बाकी कुणाचीही समजूत घालता येते, त्यांची नाही. एकदा गेले की गेले."

त्या जिना उतरून गेल्या. मी हवा खायला म्हणून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खाली रस्त्यावर बाई दिसल्या तेव्हा त्यांची चाल सहासष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेची नव्हती. मधल्या सुट्टीनंतर शाळा सोडून दिल्यावर मुली निघतात ना, तशी होती.

वाट बघत असतील. कोण, ते वाक्यात नव्हतं. मराठीत ते लागतही नाही. एखाद्या बाईने कर्ता गाळला आणि क्रियापद अनेकवचनी ठेवलं, की ऐकणारा मनातल्या मनात कर्ता भरून घेतो, त्याला कपडे घालतो आणि आरामखुर्चीत बसवतो. मी त्याला मिश्याही दिल्या होत्या. उंची माझ्याहून दोन इंच जास्त दिली होती, आणि रक्तदाब अगदी व्यवस्थित.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. सांगलीतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी चार ते सहा 'दुसरी घंटा' नावाचं मंडळ भरायचं. साठी ओलांडलेल्या एकट्या बायका-पुरुषांनी एकमेकांना भेटावं, बोलावं, जमल्यास लग्न करावं, न जमल्यास वडा खाऊन घरी जावं, असा मंडळाचा उद्देश होता. लिफ्ट नव्हती. जिना चढून आल्यावर ज्याला दोन मिनिटांत बोलता येईल तो उमेदवार धडधाकट समजला जाई.

मंडळ नानांनी काढलेलं. त्यांनी सगळी उमर नाटकांत प्रॉम्प्टर म्हणून घालवली होती. विंगेत उभं राहून दुसऱ्यांना त्यांची वाक्यं सांगायची सवय त्यांना इतकी जडली होती, की मंडळातही ते लाजणाऱ्या सभासदाच्या मागे जाऊन उभे राहत आणि कुजबुजत, "छंद विचार. छंद." स्वतः नानांनी लग्न केलं नव्हतं. त्यांना स्वतःचं वाक्य कुणी सांगितलं नसावं.

कुरुंदवाडे बाई मंडळात उमेदवार नव्हत्या. त्यांनी मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी व्याकरण शिकवलं होतं, आणि नानांनी त्यांना सभासदांची परिचयपत्रं तपासायला बोलावलं होतं. आधीच्या वर्षी एका गृहस्थांनी 'सुसंस्कृत' हा शब्द तीन चुका करून लिहिला होता आणि जमत आलेलं लग्न त्यावरून मोडलं होतं. बाईंचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगा परदेशात. ही माहिती मी स्वतंत्रपणे काढली होती.

आमची ओळख माझ्या परिचयपत्रावरून झाली. 'श्रीधर आठल्ये, वय ६४, विधुर. निर्व्यसनी, मनमिळावू, स्वावलंबी,' असं मी लिहून दिलं होतं. बाईंनी लाल पेनाने 'मनमिळावू'वर काट मारली.

"हे दुसऱ्यांनी म्हणायचं असतं."

"सगळेच लिहितात, बाई."

"सगळ्यांचं मी खोडते. स्वावलंबी म्हणजे काय? स्वयंपाक करता?"

"डबा लावलाय."

दुसरी काट पडली. बाईंनी उरलेला मजकूर पुन्हा एकदा वाचला.

"निर्व्यसनी राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याने कुणाचं काही बिघडत नाही."

बायको गेल्यापासूनच्या पाच वर्षांत माझ्याकडे कुणी इतकं लक्ष दिलं नव्हतं. मी त्याच शनिवारी त्यांच्या प्रेमात पडलो असं म्हणणं घाईचं होईल. पुढच्या शनिवारी पडलो.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्या सवयीतून झालं. मी तीस वर्षं वजन-मापं तपासणारा सरकारी निरीक्षक होतो. दुकानात न सांगता शिरायचं, तराजूचं पारडं उचलायचं, खाली चिकटवलेला चिंचेचा गोळा बोटाने काढायचा आणि दुकानदाराकडे एक शब्दही न बोलता बघायचं, हे माझं काम. निवृत्त झालो तरी संध्याकाळी बाजारात एक फेरी असायचीच. निवृत्त झाल्याचं मी कुणाला मुद्दाम सांगितलं नव्हतं, त्यामुळे चहा अजून मिळे.

फेरी का, तर माझी बायको सुनंदा पोस्टात होती. ती साडेपाचला घरी यायची. आधी फाटकाची कडी वाजायची, मग पिशवी ओट्यावर टेकल्याचा आवाज, मग 'दूध आलं का हो?' ती गेल्यावर दूध येत राहिलं. कडी वाजायची थांबली. साडेपाच ते सात या वेळात घर मला खायला उठायचं. म्हणून सव्वापाचला मी कुलूप घालायचो आणि लोकांचे तराजू बघत हिंडायचो. दर शनिवारी सहापर्यंत मंडळ आहे, हेच मला मंडळाचं मोठं आकर्षण होतं.

आणि नेमक्या त्याच वेळी बाई उठून जायच्या. दुसऱ्या कुणाकडे तरी.

तिसऱ्या शनिवारी मी त्यांच्या मागे गेलो. पाठलाग हा शब्द मला मान्य नाही. तपासणीपूर्व निरीक्षण म्हणता येईल. बाई कोपऱ्यावरच्या भडंगाच्या दुकानात थांबल्या. मी शेजारच्या स्टोव्ह दुरुस्तीच्या दुकानात एका बर्नरमध्ये रस दाखवत उभा राहिलो.

"नेहमीचंच ना, बाई?" भडंगवाल्याने विचारलं.

"हो. आणि तिखट असू दे. मागच्या वेळी मिळमिळीत होतं. पाव किलो दे."

मला दोन गोष्टी कळल्या. एक, काटा बरोबर होता. दुसरी गोष्ट वाईट होती. मंडळात वड्याबरोबरची चटणी बाई कधीच घेत नसत. 'मला तिखट नको,' म्हणत. मग हे पाव किलो तिखट भडंग कुणासाठी? मिश्यांसाठी. मला तो माणूस स्पष्ट दिसला. तिखट खाणारा, नाक न पुसणारा, बहुधा निवृत्त फौजदार.

पुढच्या शनिवारी मी नानांना गाठलं.

"नाना, ते कोण?"

"कोण ते?"

"बाईंचे."

नानांनी मला कोपऱ्यात नेलं. कुजबुजणं हा त्यांचा व्यवसाय असल्यामुळे ते आनंदाने करीत. "मलाही नक्की माहीत नाही बघ. एकदा विचारलं होतं मी, रोज येतात का म्हणून. म्हणाल्या, रोज. रविवारीसुद्धा."

"रविवारी पण?"

"गणपतीत पण. आजवर एकदा खाडा नाही, म्हणाल्या."

"लग्न का करत नाहीत मग?"

"आता ते तू विचार. पुढच्या रविवारी दंडोबाच्या डोंगरावर सहल आहे. चिठ्ठी भरायची असते माहीत आहे ना? ज्याच्या शेजारी बसायचं त्याचं नाव. समोरच्याने हो म्हटलं तरच चिठ्ठी घेतो मी. बाईंचं नाव घालतोस?"

"घालणार होतो."

"मग विचार की. घाबरतोस काय? सहल, इतकंच म्हण. सहल."

बाई आमच्याकडे पाठ करून कुणाचं तरी 'आध्यात्मिक' दुरुस्त करत होत्या. मी जाऊन समोरच्या खुर्चीत बसलो. नाना माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"बाई, रविवारची सहल," मी म्हणालो.

"हं."

"शेजारी बसाल का, विचार," मागून आवाज आला.

"ऐकू आलं, नाना," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "परत किती वाजता येणार गाडी?"

"सहा-साडेसहा."

"मग जमणार नाही. साडेपाचला मला घरी असायला लागतं."

"एक दिवस त्यांनी वाट बघितली तर?" हे मी सहज म्हणणार होतो. ते सहज निघालं नाही.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर, परीक्षेत भलत्याच मुलीने बरोबर उत्तर दिल्यावर यावं, तसं काहीतरी आलं.

"ते वाट बघत नाहीत हो फार. मीच बघते. माझी त्यांची गाठ उशिरा पडली ना. आमचे हे होते तेव्हाही ते यायचे, पण भेट म्हणून होत नसे."

माझ्यामागे नानांचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं.

"म्हणजे हे असताना," मी म्हणालो, "ते?"

"रोज यायचे. घरातून जायचे. मी स्वयंपाकघरात, नाहीतर शिकवणीच्या मुलींत. चेहरा वर करून बघायचीसुद्धा सोय नव्हती. हे गेले, सासूबाई गेल्या, शाळा सुटली. मग एका संध्याकाळी समोर उभे. तेव्हापासून नाही सोडले." बाईंनी घड्याळ बघितलं. "पाच-दहा झाले. निघते मी."

नाना त्या दिवशी चहा ओतताना दोनदा चुकले. "नाटकात असतं असं," ते मला म्हणाले. "पण तिसऱ्या अंकात उघड करतात रे. या बाईने पहिल्यातच सांगून टाकलं."

मला झोप लागेना, असं मी म्हणणार नाही. झोप लागत होती. झोपेत तो माणूस येत होता. यजमान जिवंत असताना जो घरातून राजरोस फिरला, ज्याने इतकी वर्षं वाट बघितली, ज्याच्यासाठी ही बाई माझ्याबरोबरची सहल सोडत होती. हेवा हा शब्द फार सज्जन आहे. मी जळत होतो. आरशात बघून ओठावर बोट आडवं धरून मिश्या कशा दिसतील तेही पाहिलं. बऱ्या दिसल्या नाहीत.

चिठ्ठी देण्याची मुदत गुरुवार होती. बुधवारी मी सव्वापाचला कुलूप घातलं आणि बाजाराकडे न वळता बाईंच्या घराकडे वळलो. ठरवलं होतं, की न कळवता जायचं. माल, मालक आणि माप एका जागी सापडले पाहिजेत. काय ते एकदा डोळ्यांनी बघू. तो खरंच असला तर चिठ्ठी फाडून टाकू, परिचयपत्रही परत मागून घेऊ आणि बाकीचं आयुष्य तराजूंना देऊ.

पौष महिना होता. तीन मजल्यांच्या इमारतीत बाई सगळ्यात वर राहत. दुसऱ्या मजल्यावर मी दम खायला थांबलो आणि वर बघितलं. दाराबाहेर पुरुषी चपला होत्या. काळ्या, जाड तळाच्या, नऊ नंबर. माझा पाय सातचा आहे.

पाच पस्तीसला मी बेल वाजवली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि बाईंनी दार उघडलं. नाक लाल होतं, डोळ्यांत पाणी. रडवलंय त्याने यांना, असं माझ्या मनात आलं आणि मला, सांगायला लाज वाटते, बरं वाटलं.

"आठल्ये? तुम्ही इकडे कसे?"

"इकडून चाललो होतो. म्हटलं सहज."

"सहज कुणी तीन जिने चढत नाही या वयात. या."

मी आत गेलो आणि सवयीने सगळीकडे एक नजर फिरवली. कॉट एक. भिंतीवर यजमानांचा हार घातलेला फोटो, मिश्या नाहीत. टेबलाशी चार खुर्च्यांची जागा, खुर्च्या तीन. भिंतीवरचं घड्याळ माझ्या घड्याळाच्या दोन मिनिटं पुढे. गॅलरीचं दार उघडं होतं आणि तिथून भरपूर ऊन आत येत होतं. चौथी खुर्ची तिथे होती. तिच्या पाठीवर शाल. शेजारी स्टुलावर चहाचा कप, चिरलेला कांदा आणि स्टीलच्या वाडग्यात भडंग.

कप एक. मी पडद्यामागे बघितलं.

"न्हाणीघर डावीकडे आहे," बाई म्हणाल्या. "ते पण बघून घ्या."

"ते कुठे आहेत?"

"कोण?"

"ते. ज्यांची तुम्ही वाट बघता. ज्यांच्या चपला बाहेर आहेत."

"चपला मी विकत आणल्यात. एकट्या बाईच्या दाराशी विक्रेते फार वेळ उभे राहतात, पुरुषाच्या चपला दिसल्या की कमी वेळ. नऊ नंबरच्या मुद्दाम घेतल्या. माझ्या ओळखीत कुणाचा पाय नऊचा नाही, म्हणजे कुणावर आळ यायला नको."

"आणि तिखट भडंग? तुम्ही तर तिखट खात नाही."

"चारचौघांत खात नाही. नाक गळायला लागतं माझं. इथे गळू देते." त्यांनी पदराने नाक पुसलं, ते अगदी सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखं. "भडंगाच्या दुकानातही होतात वाटतं."

"शेजारी होतो. बर्नर बघत होतो."

"आठल्ये, शाळा कितवीपर्यंत झालीय?"

"बी.एस्सी. आहे मी."

"मग येईल तुम्हाला. मी घरी येऊन बसते तेव्हा किती वाजतात?"

"साडेपाच."

"वाजतो, की वाजतात?"

"वाजतात."

"वचन?"

"अनेकवचन."

"लिंग?"

"एक वाजला. म्हणजे पुल्लिंग."

"पुल्लिंगी अनेकवचन. सर्वनाम लावा."

मी उभा होतो. गॅलरीतलं ऊन माझ्या पायांपर्यंत आलं होतं.

"ते," मी म्हणालो.

"बसा खाली."

मी बसलो. तीस वर्षांत माझ्याकडून इतका मोठा तराजू वाचायचा चुकला नव्हता.

"मी खोटं एकदाही बोलले नाही," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी नानांना म्हटलं, मला साडेपाचला घरी जायचंय. म्हणाले, घरी कोण आहे? म्हटलं, कुणी नाही. मग थांबा की, म्हणाले. अर्धा तास जिन्यात उभं केलं मला. एकटी बाई उठून घरी जाते आणि तिला घरी एकटीलाच बसायचंय, हे कुणाला पटत नाही. पुढच्या शनिवारी म्हटलं, वाट बघत असतील. नानांनी स्वतः दार उघडून दिलं."

"पण तुम्ही म्हणालात, हे असताना ते यायचे."

"यायचे की. साडेपाचला ह्यांना चहा लागायचा, सासूबाईंना औषध, आणि सहावीच्या मुली कॉटवर बसून प्रयोग ओळखायच्या. कर्तरी, कर्मणी. ही गॅलरी तेव्हाही होती. पश्चिमेची. पंचवीस वर्षं मी तिच्यात फक्त कपडे वाळत घातले." "ह्यांचं वाईट चिंतत नाही हो मी. भले होते. पण ते साडेपाच त्यांचे होते. आता माझे आहेत. दीड वाजता बसायची सवय असती तर मला 'तो वाट बघत असेल' म्हणावं लागलं असतं. मग काय झालं असतं मंडळात."

मी हसलो नाही. माझी सगळी तयारी एका माणसाशी लढायची होती. तो मुळात नव्हता, म्हणजे मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. मी त्या खुर्चीकडे बघत होतो. पाठीवरची शाल, अर्धा कप चहा, वाडग्यातून एकेक करून निवडून बाजूला काढलेले, सगळ्यात शेवटी खायचे शेंगदाणे. फौजदार असता तर त्याच्यात काही खोट काढता आली असती. या खुर्चीत काही काढता येईना.

"दुसरी खुर्ची बाहेर मावेल," मी म्हणालो. माझा आवाज मला नानांचा वाटला.

"मावते. मोजलंय मी."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण कठोरपणे नाही. परिचयपत्रावर काट मारताना त्यांचा हात जसा हलका असायचा तसं.

"राग आला?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुमच्याकडे हे येऊन बसतात. माझ्याकडे पाच वर्षांत कुणी आलेलं नाही साडेपाचला."

"येतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही घरी नसता."

कुठल्या तरी मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. मी उठलो. दाराशी गेल्यावर त्या नऊ नंबरच्या चपलांना माझ्या चपला लागलेल्या होत्या. मी त्या नीट सरळ करून ठेवल्या.

"आता गेलो तर सापडतील?" मी विचारलं.

"पावणेसहा झाले. आजचे गेले. उद्या येतील परत. कुलूप घालू नका म्हणजे झालं."

गुरुवारी मी नानांना चिठ्ठी दिली नाही.

"काय रे, कळलं का कोण ते?" नानांनी फोनवर विचारलं.

"कळलं."

"कसे आहेत?"

"वक्तशीर आहेत," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी मी घरी थांबलो. साडेपाच आले आणि त्यांनी मला खाल्लं. शुक्रवारीही खाल्लं. कडी वाजत नव्हती, आणि ती वाजत नाही हे मी खुर्चीत बसून तीस मिनिटं ऐकलं. शनिवारी मंडळात गेलो नाही, भडंग आणलं आणि कांदा चिरताना बोट कापून घेतलं. रविवारी सगळे दंडोबाला गेले असताना मी मागच्या दाराची पायरी झाडली, कारण ऊन तिथे पडत होतं आणि हे मला त्या घरात एकोणतीस वर्षं राहून माहीत नव्हतं. सुनंदाला माहीत असणार. पायरीच्या कोपऱ्यात तिने लावलेली अबोलीची कुंडी होती, सुकून खडखडीत झालेली. मला वाटायचं ती माझ्यासाठीच घाईने घरी येते, साडेपाचला. पायरी चांगली गुळगुळीत झिजलेली होती, एका माणसाच्या बसण्याइतकी.

त्या दिवशी मला दुसऱ्यांदा हेवा वाटला, आणि या वेळी बायकोचा. आमच्या घरात ही जागा होती आणि तिने ती मला सांगितली नव्हती. बराच वेळ वाईट वाटलं. मग मी तिथे बसलो.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. कुंडीत नवी अबोली आहे. मी मंडळात जातो, वडा खातो, परिचयपत्र मात्र परत घेतलं. मागच्या वर्षी नव्याने आलेल्या श्रीमती धोंगडे, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या आणि गाणं चांगलं म्हणणाऱ्या, मला म्हणाल्या, "आठल्ये, थांबा ना. चहा घेऊन जा."

"नको," मी म्हणालो. "वाट बघत असतील."

माझ्यासारख्या विधुराने असं म्हटल्यावर कर्ता कोण भरायचा, हा प्रश्न मंडळापुढे पडला. तो नानांनी सोडवला. शेवटी मी आणि बाई एकाच वेळी, पाच-दहाला, जिना उतरतो. नानांनी दोन अधिक दोन केलं आणि सगळ्यांच्या कानात सांगितलं. आता आम्ही निघालो की सगळे आपापली बोलणी थांबवतात आणि आम्हाला मोठ्या मनाने वाट करून देतात. श्रीमती धोंगडे खिडकीशी जाऊन उभ्या राहतात.

वाचनालयाच्या फाटकाशी बाई डावीकडे वळतात आणि मी उजवीकडे. एकदा मी त्यांना म्हटलं, की लोक गैरसमज करून घेतायत, दुरुस्त करायला हवा का.

"व्याकरणाची चूक नाही त्यात," बाई म्हणाल्या. "राहू दे."

आम्ही एकमेकांकडे जात नाही. दिवाळीत त्या मला एक डबा शेव पाठवतात, तिखट. माझं बरं चाललंय, आणि हे मी स्वतःबद्दल लिहितोय तरी बाई त्यावर काट मारणार नाहीत अशी माझी खात्री आहे.

एकच गोष्ट आहे. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे. मी तेव्हाच बघितलं होतं, आणि त्यांनी ते अजून लावून घेतलेलं नाही. म्हणजे साडेपाच रोज आधी त्यांच्याकडे जातात, मग माझ्याकडे येतात. मी पायरीवर बसलेला असतो, वाडगा मांडीवर असतो, ऊन आलेलं असतं. पण ती दोन मिनिटं मला आजही नीट जात नाहीत.